पुढची चाकं काळी, मागची कोरी

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही, चार प्रश्न आहेत. चिपळूण-कराड अशा आठवड्यातून दोन फेऱ्या करणाऱ्या तुमच्या व्ही-क्रॉसची (इसुझूचा पिकअप) पुढची दोन चाकं चार दिवसांत काळी पडतात, मागची मात्र बऱ्यापैकी कोरी राहतात. वॉशिंग सेंटरवर पोरानं ‘अ‍ॅसिड’ मारून अलॉय चकचकीत करून दिले आणि आठवड्याभरात त्यांवर पांढरट ढग उठले. आता कोणी सिरॅमिक कोटिंग करून घ्या म्हणतंय, ते करावं का? आणि अगदी शेवटी, जाता जाता, घरच्या दहा टायरी ट्रकच्या मागच्या डाव्या जोडचाकाला आतून काळा चिकट थर बसतो, बाकी कुठल्याच चाकाला नाही, तो कशानं निघेल?

शेवटचा आधी घेतो, कारण तो धुण्याचा प्रश्नच नाही.

मी गेली १९ वर्षं कराडजवळ हायवेला गाड्या धुतोय. सुरुवात रॅम्पवर ट्रकच्या खाली उभं राहून डिझेल आणि चिखल अंगावर घेण्यापासून झाली, मग हळूहळू छोट्या गाड्या आणि पॉलिशचं काम आलं. एवढ्या वर्षांत एक शिकलो. चाकावरची घाण पुसायच्या आधी नीट बघायची. ट्रकला ड्रम ब्रेक असतात. लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराची, झीज बहुतेक ड्रमच्या आतच राहते, बाहेर फारशी येत नाही. त्यामुळे ट्रकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी थाळीवर, जे बसतं तो रस्त्याचा चिखल, धूर, सांडलेलं डिझेल आणि धूळ. ते सगळ्या चाकांवर सारखं बसतं. एकाच चाकाला, तेही आतून, चिकट थर येतो तेव्हा हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, सील गेलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ग्रीस नाहीतर क्राऊनचं (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं) ऑईल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटत जाते.

खात्री करायची असेल तर तो भाग एकदा चिंधीनं स्वच्छ पुसा, गाडी एक फेरी मारून येऊ द्या आणि पुन्हा बॅटरी मारून बघा. चाक फिरताना तेल मधून बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून हबपासून रिमकडे जाणाऱ्या रेघा दिसतील. बोटाला घेऊन वास घ्या, गिअर ऑईलचा उग्र वास लपत नाही. तसं असेल तर चाक धुऊ नका, गाडी मिस्त्रीकडे न्या. तेच तेल लायनरवर गेलं की त्या चाकाचा ब्रेक धरत नाही, आणि चिपळूण-कराड वाटेवरचा कुंभार्ली घाट उतरताना हे कळणं बरं नव्हे. ड्रम उघडल्यावर मिस्त्रीचं पोरगं हवेची नळी घेऊन आतली भुकटी उडवायला लागेल, त्याला थांबवा. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, नुसतं बघून ते ओळखता येत नाही. पाण्यानं ओलं करून, ओल्या फडक्यानं काढायचं आणि ते फडकं फेकून द्यायचं.

आता व्ही-क्रॉस. (ट्रकवाले चाकाच्या लोखंडी थाळीला डिस्क म्हणतात आणि कारवाले ब्रेकच्या चकतीला. घोळ नको म्हणून पुढे ब्रेकच्या चकतीला मी ब्रेक डिस्कच म्हणेन.)

तुमच्या गाडीला पुढे ब्रेक डिस्क आहेत आणि मागे ड्रम. पुढची काळी आणि मागची कोरी, याचं अर्धं उत्तर इथंच मिळतं. ब्रेक डिस्क उघडी असते. ब्रेकचे पॅड तिला घासतात, दोन्ही झिजतात आणि ती भुकटी वाऱ्यानं थेट चाकाच्या आतल्या भांड्यात आणि आऱ्यांवर जाते. मागे तीच झीज ड्रममध्ये कोंडलेली राहते. शिवाय ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. त्यात तुमचा रस्ता घाटाचा. तेव्हा पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी होत असतील तर गाडीत काही बिघाड नाही.

पण ‘सारखीच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डावं-उजवं शेजारी ठेवून बघितल्यासारखं बघा. एक दुप्पट काळं असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) अडकलेला असू शकतो, म्हणजे पॅड सुटतच नाही आणि चाक ब्रेक घासत पळतं. सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न मारता १५-२० मिनिटं चालवा, थांबा आणि चाकाजवळ तळहात न्या. लावू नका, नुसता जवळ. एका बाजूला धग जास्त लागली तर धुलाईच्या आधी ब्रेकचं काम करून घ्या. माझ्याकडे नुसत्या पॉलिशसाठी आलेल्या कितीतरी गाड्या मी असं बघून आधी गॅरेजला पाठवल्यात.

आता ही काळी भुकटी म्हणजे काय ते थोडं खोलात सांगतो, कारण उपाय त्यावरच ठरतो. लोक तिला धूळ समजतात. ती धूळ नाही. तिच्यात ब्रेक डिस्कच्या बिडाचे बारीक कण असतात, पॅडमधला धातू, कार्बन आणि पॅड बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ असतो. यातलं लोखंड गरम असताना उडतं आणि चाकाच्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, रुतून बसतं. पहिले काही दिवस ते नुसत्या शाम्पूनं निघतं. मग पाऊस पडतो, दव पडतं, कोकणातली दमट हवा तर कायमचीच, आणि त्या कणांना गंज चढतो. गंजलेला कण फुगतो आणि लॅकरमध्ये आणखी घट्ट होतो. नखानं हलकेच घासून बघा, बारीक रव्यासारखं लागेल. शाम्पूनं धुऊन, फडक्यानं पुसूनही चाकावर तपकिरी ठिपके राहतात ते हेच.

म्हणजे चाक किती काळं आहे यापेक्षा ते किती दिवस तसं राहिलं यावर सगळं आहे. आठवड्याला धुतलेल्या चाकाला साबण पुरतो. तीन महिने राहिलेल्या चाकाला औषध लागतं. वर्षभर राहिलेलं चाक बघून वॉशिंगवाल्याचा हात अ‍ॅसिडच्या डब्याकडे जातो.

त्या अ‍ॅसिडचं बोलू. आमच्या धंद्यात ‘अ‍ॅसिड’ म्हणून जे मारतात ते बहुतेक वेळा फरशी-संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक असतं, पाणी घालून पातळ केलेलं. काही ठिकाणी ‘अ‍ॅल्युमिनियम क्लीनर’ नावाचं, लेबल नसलेल्या पांढऱ्या कॅनमधलं काहीतरी असतं आणि त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा त्याच्याच घरातले क्षार असू शकतात. धुणाऱ्या पोराला ते माहीत नसतं, मालकालाही बऱ्याचदा नसतं. चाक मात्र दोन मिनिटांत आरशासारखं होतं, म्हणून गिऱ्हाईक खूश.

खूप वर्षांपूर्वी मीही असा एक कॅन आणला होता. माझ्याकडच्या पोरानं हातमोजे न घालता अर्धा दिवस त्यानं चाकं धुतली. दिवसभर काही नाही. रात्री दहाला फोन, बोटं आतून जळतायत, वरून साधा फोडसुद्धा दिसत नाही. हायड्रोफ्लोरिकची हीच खोड आहे. वर फारसं न दिसता ते आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम खातं आणि दुखणं उशिरा सुरू होतं. पोरगं वाचलं, बोटंही वाचली, पण तेव्हापासून माझ्या शेडमध्ये बिनलेबलाचा डबा येत नाही. कधी असं काही हाताला लागलंच तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि दुखायची वाट न बघता दवाखाना गाठा. डॉक्टरांना नुसतं ‘अ‍ॅसिड’ म्हणू नका, ‘हायड्रोफ्लोरिक असू शकतं’ असं स्पष्ट सांगा, कारण त्यावरचा उपचार वेगळा आहे, कॅल्शियम ग्लुकोनेटचा. आणि कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचिंगच्या पाण्याबरोबर एकत्र करू नका, क्लोरीन सुटतो.

तुमच्या चाकांवर ढग आठवड्यानं का उठले? अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, त्यावर रंग, त्यावर लॅकर. खडी उडून लॅकरला बारीक टवके पडलेले असतात. अ‍ॅसिड तिथून आत जातं, वरून मारलेल्या पाण्यानं सगळं निघत नाही आणि आतल्या आत काम चालू राहतं. पण पांढरं दिसतं ते सगळं अ‍ॅसिडचंच असं नाही, म्हणून आधी ओळख पटवा.

बोअरचं पाणी चाकावर वाळलं तरी पांढरे डाग येतात. ते क्षार असतात, वर बसलेले, नखाला किंचित उंच लागतात. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घाला, फडकं भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि धुवा. गेला तर तो क्षार होता, विषय संपला. नाही गेला आणि जागा सपाट पण धुरकट लागते, तर लॅकरचा वरचा पापुद्रा खाल्ला गेलाय. त्यावर बारीक पॉलिश हातानं करून बघता येतं. रबिंग कंपाऊंड नको, मशीन तर नकोच, कारण लॅकर मुळातच पातळ असतं आणि ते संपलं की खाली उघडं अ‍ॅल्युमिनियम. तिसरा प्रकार म्हणजे लॅकरच्या खाली गांडुळासारख्या वळत गेलेल्या पांढऱ्या रेघा. ते आतलं गंजणं आहे. वरून काहीही लावा, थांबत नाही. ते चाक उतरवून, जुना रंग काढून नव्यानं रंगवावंच लागतं. पावडर कोटिंग करणाऱ्याला भट्टीचं तापमान विचारा, २०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. अलॉयची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, जास्त भाजलं तर ती कमी होते. तुमच्या चाकांचा पुढचा भाग डायमंड कट असेल, म्हणजे लेथवर कापून चमकवलेला, तर हा तिसरा प्रकार तिथंच जास्त दिसतो.

फोटो नसल्यामुळे तुमचं चाक यातलं कुठलं ते मी इथून सांगू शकत नाही. व्हिनेगरची परीक्षा आधी करा.

आता रोजचं धुणं. चाक थंड पाहिजे. घाट चढून-उतरून आल्या आल्या गरम चाकावर पाणी मारायचं नाही. औषध त्यावर वाळून डाग पडतात आणि तापलेल्या ब्रेक डिस्कलाही एकदम गार पाणी मानवत नाही. सावलीत लावा, चहा प्या. मग आधी नुसतं पाणी, भरपूर. तुमच्याकडची जांभ्याची लाल माती वाळून बसलेली असते, ती तशीच ब्रशनं घासलीत तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. प्रेशर गन असेल तर तोंड फूटभर लांब ठेवा. टायरच्या भिंतीवर, व्हॉल्व्हवर आणि हबच्या मधोमध जवळून मारू नका.

पाणी निथळू द्या आणि मग लोखंड काढणारा क्लीनर मारा. क्लीनर म्हणजे इथे गाडीवरचं पोरगं नव्हे, बाटली. दुकानात ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून मागा. त्यात थायोग्लायकोलेट असतं, पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात त्याच जातीचं, म्हणून वास सडक्या अंड्यासारखा. लोखंडाशी जुळलं की रंग जांभळा होतो आणि चाकावरून जांभळं पाणी ओघळतं. तीन ते पाच मिनिटं ठेवायचं, वाळू मात्र द्यायचं नाही. मऊ ब्रशनं फिरवायचं आणि धुऊन टाकायचं. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा.

या जांभळ्या रंगाचा मला आणखी एक उपयोग होतो. काळा डाग आहे पण रंग बदलत नाही, तर तो लोखंडाचा नाही, डांबर किंवा ग्रीस आहे. डांबरावर फडक्याला टार रिमूव्हर किंवा थोडं रॉकेल लावून पुसायचं आणि लगेच शाम्पूनं धुवायचं. आणि आमच्या धंद्यातली एक लबाडीही सांगून ठेवतो. हेच औषध स्वच्छ ब्रेक डिस्कवर मारलं तरी जांभळं होतं, कारण डिस्क लोखंडाचीच आहे. ‘बघा साहेब, किती घाण निघाली’ असं कोणी दाखवलं तर हसा आणि पुढे चला.

हे औषध दर आठवड्याला लागत नाही. तुमच्या वापराला महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. मध्ये गाडीच्या शाम्पूनंच धुवा. कपडे धुवायची पावडर, धुण्याचा सोडा, कॉस्टिक यातलं काही नको. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड जेवढं वाईट तेवढाच अल्कलीही वाईट, हे फारसं कोणाला माहीत नसतं. चाकासाठी वेगळी बादली आणि वेगळी फडकी ठेवा. तेच फडकं बोनेटवर फिरवलंत तर लोखंडाचे कण तिथं ओरखडे काढतील. महागडे ब्रश लागत नाहीत. नटांच्या खाचांसाठी मी रंगाचा दोन इंची ब्रश वापरतो, त्याच्या पत्र्यावर चिकटपट्टी गुंडाळून, म्हणजे पत्रा अलॉयला लागत नाही. आतल्या भांड्यासाठी बाटली धुवायचा लांब ब्रश. बाहेरचा चेहरा सगळेच धुतात, पण खरा थर आत असतो आणि पुन्हा काळं व्हायला तिथूनच सुरुवात होते.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच लावून ठेवू नका. एक चक्कर मारा, दोन-चार वेळा हलकेच ब्रेक दाबा, म्हणजे ब्रेक डिस्क कोरडी होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर केशरी झाक दिसेल. घाबरू नका, तो वरवरचा गंज आहे, पहिल्या काही ब्रेकमध्ये जातो. गुहागरला वाळूत गाडी नेलीत तर मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्यानं चाकं आतून-बाहेरून धुवा, रविवारची वाट बघू नका.

कोटिंग करावं का? करावं, पण ढगांचा निकाल लागल्यावर. खराब लॅकरवर कोटिंग म्हणजे भिंतीची ओल न काढता वर डिस्टेंपर. मेण स्वस्त आहे, पण कार्नोबा मेण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि घाटात ब्रेकच्या धगीत तापणाऱ्या चाकावर त्याचा निभाव लागत नाही. सिंथेटिक सीलंट दोन-तीन महिने काम देतं, घरी लावता येतं, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासारख्या वापराला तेच मला पटतं. सिरॅमिक त्याहून टिकतं, वर्षाच्या आसपास धरा, पण ते नीट करायचं तर चारही चाकं उतरवून, आतून लोखंड काढून, तेलकटपणा पुसून लावावं लागतं आणि निदान एक दिवस पाणी लागू द्यायचं नसतं. चाक न उतरवता नुसत्या बाहेरच्या चेहऱ्याला कोटिंग करून पूर्ण पैसे घेणारे आहेत. त्यांना नाही म्हणा. आणि कोटिंगनं चाक काळं व्हायचं थांबत नाही. भुकटी तेवढीच बसते, फक्त नुसत्या पाण्यानं बरीचशी निघून जाते. कोटिंग असो की टायर पॉलिश, ब्रेक डिस्कवर त्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, म्हणून बाटली चाकावर फवारायची नाही, फडक्यावर घेऊन लावायची. टायरला डिझेल फासून काळं करायची सवयही सोडा, रबर फुगतं आणि मऊ पडतं.

भुकटीच कमी करायची असेल तर ते हात तुमचेच. कुंभार्ली उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक सतत चेपून ठेवण्यापेक्षा गरजेपुरता ठाम दाबा आणि सोडा. पॅड बदलायची वेळ आल्यावर दुकानदाराला विचारा, त्या गाडीसाठी सिरॅमिक प्रकारचे पॅड मिळाले तर त्यांची भुकटी कमी आणि फिकट असते. पण नुसत्या चाकाच्या रंगासाठी चांगले पॅड काढू नका.

राहिला ट्रक. सील बदलून झालं की दहाही डिस्क धुऊन रंगवायचा विचार दसऱ्याला होईलच, सगळ्यांचा होतो. पोलादी डिस्कला पातळ केलेला डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं औषध) चालतो. मग तारेच्या ब्रशनं गंज काढा, प्रायमर मारा, वर इनॅमल. मात्र नट काढून घेतल्याशिवाय फवारा मारू नका, आणि डिस्क जिथं हबला टेकते तिथं आणि नट बसतात त्या जागी रंगाचा थरावर थर देऊ नका. रंग पुढे दबतो, झिजतो आणि घट्ट आवळलेला नट ढिला पडतो. दर वर्षी जुन्या रंगावरच नवी चांदी मारलेल्या डिस्क माझ्याकडे येतात, आणि नटाखालचा रंग पापडासारखा सोलून निघतो. चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर गाडी उभी करून नट पुन्हा आवळा. त्यानंतर धुताना नटापासून खाली ओघळलेली गंजाची ताजी रेघ दिसली, तर ती पुसायच्या आधी तो नट ढिला आहे का बघा आणि डिस्कला नटाच्या भोकापाशी तडा तर नाही ना, तेही.

झेंडूची माळ घाला, लिंबू ठेवा, माझी हरकत नाही. व्ही-क्रॉसच्या अलॉयला लावलेलं हळदी-कुंकू मात्र त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पिवळी बोटं दिवाळीपर्यंत दिसत राहतात.